दहाव्या ओळीचा मान

सूर अविनाशी असतात. हे वाक्य माझं नाही. आमच्या गावच्या शाळेत तळमजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीच्या दारावर ते पांढऱ्या संगमरवरात कोरलेलं आहे, आणि ज्यांनी ते कोरून घेतलं त्या चेअरमनसाहेबांचं नाव त्याच्याखाली, वाक्यापेक्षा मोठ्या अक्षरांत आहे. मी त्या वाक्याशी भांडत नाही. सगळी नोकरी ग्रंथालयात केल्यामुळे दगडात कोरलेल्या मजकुराशी भांडू नये एवढं मला कळतं. फक्त घरात जे पाहिलं त्यावरून एक पुरवणी जोडावीशी वाटते. सुरांना ठेवायला जागा लागते, जागेला कुलूप लागतं, आणि किल्ली कोणाकडे राहणार यावरून जे होतं ते सुरांपेक्षा जास्त दिवस टिकतं.

आमचं घर लोधिवलीच्या अलीकडे, जुन्या हायवेपासून आत. माझे वडील, म्हणजे अण्णा, मोहोपाड्याच्या एका रसायनांच्या कंपनीत पाळीवर जात आणि उरलेल्या वेळात गावच्या बँडचे मास्तर असत. घरात हे उलटं मानलं जाई. अण्णा बँडमास्तर होते आणि उरलेल्या वेळात कंपनीत जात. सकाळची पाळी नसली की ते पडवीत बसून क्लॅरिनेटची जीभ पाण्याच्या पेल्यात भिजत घालत. बोरूची ती पातळ पट्टी भिजेपर्यंत चहा, आणि मग सुरांचा पहिला लांबलचक कण्हता आवाज, ज्याला शेजारचं कुत्रं नेमाने उत्तर देई. आत आई तांदळाच्या भाकऱ्या थापत असे. तिच्या हातांची थपथप आणि अण्णांचा सूर यांचा कधी मेळ बसला नाही, आणि दोघांनीही तो बसवायचा प्रयत्न केला नाही. माझ्या मते सुखी संसाराची ही चांगली व्याख्या आहे. चुलीपाशी आत्या बसे. आत्या म्हणजे अण्णांची थोरली बहीण, नवरा गेल्यावर कळंबहून आमच्याकडे राहायला आलेली. ती वाल सोलत, सोडे निवडत सगळ्या जगावर मत देई. बँडबद्दलचं तिचं मत असं होतं की इतकी फुंकर चुलीला घातली असती तर गॅस घ्यावा लागला नसता.

बँड चौदा जणांचा. लाल कोट, सोनेरी गोफ, आणि खाली ज्याची त्याची चप्पल. अण्णांना पाच रेघांवर लिहिलेलं पाश्चात्त्य संगीत वाचता येत असे. लष्करी बँडमधून निवृत्त होऊन खोपोलीला स्थायिक झालेल्या एका म्हाताऱ्या मास्तरांनी ते त्यांना शिकवलं होतं. बाकी तेरा जण कानावर वाजवत. पण बँडचं खरं शास्त्र वाजवण्यात नव्हतं, चालण्यात होतं. वरातीत कोण कुठे चालणार हे ज्येष्ठतेने ठरलेलं असे आणि तो मान असे. पुढे तीन क्लॅरिनेट, मागे तीन ट्रंपेट, त्यांच्या मागे आणखी तिघं, आणि मग चौथ्या रांगेत एकटे गणूकाका. गणूकाकांचं वाद्य म्हणजे ते मांडीवर बाळ घेतल्यासारखं धरायचं पितळी धूड. पुस्तकात त्याला युफोनियम म्हणतात, आमच्यात सगळे त्याला नुसतं 'मोठं' म्हणत. वाद्य मोठं, पोटही मोठं, म्हणून त्यांना रांगेत शेजारी नसे. पण ते स्वतः हे वेगळ्या तऱ्हेने सांगत. आपल्याला एकट्याला अख्खी रांग आहे, असं. त्यांच्या मागे ढोल आणि झांजा. आणि दुसरा एक नियम होता. वरात निघाली की नवरदेवाने उंबरठा ओलांडेपर्यंत वाजवणं थांबवायचं नाही. कोणाची पट्टी तुटली, कोणाला खोकला लागला, कोणाच्या पायात काच गेली, तर बाकीच्यांनी त्याचा वाटा उचलायचा. मध्येच थांबलेलं वाजवणं अशुभ. अण्णा देवाधर्मातलं फारसं काही मानत नसत. हे मात्र मानत.

मी सांगते आहे त्या काळात बँडच्या सुपाऱ्या कमी होत चालल्या होत्या. लोकांना बेंजो पार्टी हवी असे, तीही टेंपोवर चढवलेल्या भोंग्यांसकट. तरी दर गुरुवारी तालीम होई, जुन्या शाळेच्या कौलारू मागच्या खोलीत. वाद्यंही तिथेच भिंतीवरच्या खुंट्यांना टांगलेली असत. मग शाळेला नवी इमारत झाली आणि जुनी पाडायचं ठरलं. नव्या इमारतीत तळमजल्यावर कोपऱ्यात एक मोठी खोली होती. शिक्षणसंस्थेच्या चेअरमनांच्या मनात तिथे पाहुण्यांसाठी सोफे टाकायचे होते. अण्णांच्या मनात खुंट्या होत्या.

चेअरमन नुकतेच कुठल्या तरी अभ्यासदौऱ्यावर युरोपला जाऊन आले होते. अभ्यास कशाचा होता हे कोणाला समजलं नाही, पण एका संध्याकाळी त्यांना तिथे मोठा वाद्यवृंद ऐकवण्यात आला आणि ते बदलून परतले. अण्णा खोली मागायला गेले तेव्हा त्यांनी अण्णांना समोर बसवून सांगितलं की उद्घाटनाला वरातीचा बँड नको, सिंफनी हवी. फीत कापून ते शाळेच्या दारापर्यंत चालत जातील तेवढा वेळ शंभर वाद्यं वाजली पाहिजेत. शंभर माणसं कुठून आणायची, हे अण्णांनी विचारलं. चेअरमन म्हणाले, आता सगळं कंप्युटरवर होतं म्हणतात, तुमची मुलगी शिकते ना कर्जतला. झालं चांगलं, तर खोली संगीताला. नाही झालं, तर सोफ्यांची ऑर्डर तयार आहे. अण्णा घरी आले, चप्पल काढली आणि मला म्हणाले, "वैजू, तुझ्या त्या मशीनमधे शंभर माणसं बसतील का गं?"

मशीन म्हणजे अण्णांच्या कंपनीने मोडीत काढलेला संगणक. तो आमच्याकडे भाताच्या खोलीत ठेवलेला होता, कारण घरात तेवढीच एक खोली कोरडी होती. तिन्ही बाजूंना नव्या भाताची पोती, मध्ये स्टुलावर पडदा, आणि त्यावर आत्याच्या जुन्या लुगड्याचं झाकण. मी कर्जतच्या कॉलेजात होते, संध्याकाळी संगणकाचा क्लासही करत होते. खोपोलीच्या मास्तरांच्या नातवाने एक सीडी दिली होती. तिच्यात संगीत लिहायचा प्रोग्रॅम होता. पडद्यावर पाच रेघांच्या ओळी उमटत, त्यांच्यावर माऊसने स्वर ठेवायचे, प्रत्येक ओळीला कोणत्या वाद्याचा आवाज हवा ते यादीतून निवडायचं, आणि मग बटण दाबलं की ते सगळं एकदम वाजे. अण्णांनी पहिल्यांदा ते ऐकलं, आपलंच क्लॅरिनेट यंत्रातून, आणि ते पुन्हा एकदा लावायला सांगितलं. मग म्हणाले, "सूर बरोबर हाय. पण हा श्वास कुठं घेतो?" तो घेतच नव्हता. अण्णांना ते अमानुष वाटलं. त्यांनी स्वतःच्या हाताने कागदावर लिहिलेल्या प्रत्येक ओळीत, माणूस जिथे दम घेईल तिथे थांबे घातले, आणि यंत्राला दम लागत नाही हे मी सांगूनही ते काढू दिले नाहीत.

त्या यादीत शंभराहून जास्त आवाज होते. वाद्यवृंदाची सगळी खानदानी वाद्यं त्यात होती, आणि शेवटी, कोणाच्या डोक्यातून निघालं देव जाणे, पक्ष्यांची किलबिल, टेलिफोनची घंटी, हेलिकॉप्टर आणि बंदुकीची गोळीही होती. आत्याला हेलिकॉप्टर फार आवडलं. वाल सोलता सोलता ती हाक मारून मला ते लावायला सांगे आणि वर कौलांकडे बघे. बाकीच्या वाद्यांचीही तिने परीक्षा घेतली. ओबो म्हणजे सर्दी झालेली सनई. बासून म्हणजे आमचे थोरले मामा जेवून उठताना करतात तो आवाज. हार्प ऐकून मात्र तिने हातातली शेंग खाली ठेवली आणि असं काही तरी मेल्यावर ऐकू येत असेल म्हणाली. चेअरमनच्या समारंभात ते नको, माणूस घाबरेल.

आवाज नेमायचं काम मी एकटीने पाच मिनिटांत केलं असतं. पण अण्णांना ते पटेना. त्यांच्या मते हा बँडच होता, फक्त कपडे बदलून जाणार होता. तेव्हा कोणी काय व्हायचं हे ज्याचं त्याने ठरवायला हवं. त्यामुळे महिनाभर भाताच्या खोलीत एकेक जण येई, पोत्यावर बसे, आईच्या हातचा चहा पिई आणि यादी ऐकून आपलं वाद्य निवडे. दुसऱ्या क्लॅरिनेटवाल्याने बासरी घेतली. टेंपो चालवणाऱ्या मधूने, जो ट्रंपेट वाजवत असे, व्हायोलिन मागितलं, तेही एक नको, पूर्ण ताफा, कारण एकट्याने काय शोभा येते. यादीत तशी सोय होती. मी त्याच्या ओळीवर व्हायोलिनचा ताफा नेमला तेव्हा त्याचा चेहरा असा झाला की जणू त्याला चार टेंपो मिळाले. प्रत्येक ओळीच्या डावीकडे वाद्याचं नाव लिहायची जागा असे. तिथे मी अण्णांच्या सांगण्यावरून माणसाचं नाव लिहीत होते. पाश्चात्त्य पद्धतीत बासरी वर आणि व्हायोलिनं खाली लिहितात, हे मी पुस्तकातून वाचून अण्णांना सांगितलं. अण्णांनी ते ऐकून घेतलं आणि म्हणाले की त्यांच्यात ती पद्धत असेल. आपल्यात क्लॅरिनेटवाला शंकर ट्रंपेटवाल्या मधूच्या पुढे चालतो, मग कोणी कोणतंही वाद्य निवडो. तेव्हा ओळीही चालण्याच्या क्रमाने लागल्या, तीन, तीन आणि तीन. आणि त्यांच्याखाली, दहाव्या ओळीवर, ढोल.

गणूकाका महिनाभर आले नव्हते. त्यांच्या शेतावर भाताची झोडणी चालू होती. त्यांचं 'मोठं' यंत्राच्या यादीत कुठेच सापडेना, म्हणून शेवटी अण्णांनीच त्यांच्यासाठी चेलो निवडला. बसून वाजवतात, गुडघ्यांत धरतात, आवाज पोटातून येतो, गणूला शोभेल. ती ओळ सगळ्यांत शेवटी लिहिली म्हणून सगळ्यांत खाली आली, अकरावी, ढोलाच्याही खाली. ते कोणाच्या लक्षात आलं नाही. आमचं सगळं लक्ष कानाकडे होतं आणि कानाला ते फार चांगलं लागत होतं. चेअरमनांच्या चालण्याचा वेळ मोजायला अण्णा अंगणात ऐटीत चालून दाखवत आणि मी आत बटण दाबे. आत्या पायरीवरून सुधारणा सांगे. "तो असा चालत नाय. त्याचं पोट आधी पोचतं, मग तो." त्याप्रमाणे अण्णांनी चाल आणखी संथ केली. सुरुवातीला क्लॅरिनेट आणि व्हायोलिनं सावकाश उजाडल्यासारखी, मग फीत कापली की गणूकाकांचा चेलो आणि ढोल एकदम आत, आणि सगळं मिळून दारापर्यंत. अण्णा डोळे मिटून ऐकत. एकदा म्हणाले की ह्या खोलीत आवाज चांगला येतो, भातामुळं घुमत नाय. मी तेव्हा त्याकडे लक्ष दिलं नाही. माणूस इतक्या गोष्टी बोलतो, त्यातली कोणती पुढे कामाला येणार हे कळायची काही सोय नसते.

उद्घाटनाच्या आदल्या दुपारी गणूकाका आले. झोडणी आटपली होती, केसांत अजून भाताचं तूस होतं. पोत्यावर टेकले, पडद्याकडे वाकले आणि आपलं नाव शोधू लागले. वरून खाली येत येत त्यांचं बोट थांबलं. त्यांनी एकदाच विचारलं, "मास्तर, मी ढोलाच्या खाली?" अण्णा काही बोलायच्या आत ते उठले, टोपी झटकली आणि निघाले. आई चहा घेऊन दारात आली होती, तो त्यांनी घेतला नाही. वाचकाला हे कदाचित किरकोळ वाटेल. आमच्याकडे घरात आलेला माणूस चहा न घेता गेला, तर पुढची बोलणी दोन्हीकडची वडीलधारी मंडळी मध्ये घालून करावी लागतात. अण्णांचा चेहरा उतरला. खोलीसाठी एवढं चाललं होतं, आणि त्या खोलीत गणू नसेल तर खुंट्या कोणासाठी, असं ते आईला म्हणाले. मग मला म्हणाले की त्याची ओळ त्याच्या जागेवर घाल. मी माऊसने गणूकाकांची ओळ उचलली आणि ढोलाच्या वर, दहावी म्हणून ठेवली. ढोल अकरावा झाला. एकदा वाजवून बघावं म्हणून बटणाकडे हात नेला, तेवढ्यात लोडशेडिंगची वेळ झाली. पडदा काळा होण्याआधी ते जपून ठेवता आलं, यातच आम्हाला आनंद झाला. आत्या अंधारातून म्हणाली की एका ओळीसाठी एवढा रुसणारा माणूस चेअरमनच व्हायचा, चुकून बँडात आला. अण्णा स्वतः जाऊन गणूकाकांना सांगून आले. तिथे त्यांनी चहा घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी संगणक गोधडीत गुंडाळून मधूच्या टेंपोतून शाळेवर नेला. मांडव मोठा होता. फाटकापाशी फीत, तिथून शाळेच्या दारापर्यंत लाल सतरंजी, दोन्ही बाजूंना मुलं रांगेत, आणि पायऱ्यांजवळ आमचा बँड, लाल कोटात, खुर्च्यांवर, वाद्यं मांडीवर घेऊन. चेअरमनांनी त्यांना बोलावलं होतं, कारण शोभा येते. पण वाजवायचं नाही, असं दोनदा बजावलं होतं. मांडववाल्याने माझ्या संगणकाची वायर त्याच्या भोंग्यांना जोडून दिली. मुंबईहून कोणी मोठे अधिकारी प्रमुख पाहुणे म्हणून आले होते. त्यांचं स्वागत, त्यांच्या स्वागताचं स्वागत, हे सगळं झालं. मग चेअरमनांनी कात्री हातात घेतली आणि माझ्याकडे बघून मान हलवली. मी बटण दाबलं.

सुरुवात झाली तशी ती व्हायला हवी होती. क्लॅरिनेट, मग मधूची व्हायोलिनं. मांडवात खरोखर शांतता पसरली. फीत पडली. चेअरमनांनी सतरंजीवर पहिलं पाऊल टाकलं, पोट आधी, आणि गणूकाकांची ओळ आत आली.

जे घडलं त्याचं कारण मला पुढे कर्जतच्या क्लासच्या सरांकडून कळलं. ते थोडक्यात सांगते. त्या प्रोग्रॅममध्ये आवाज बाहेर पडायला वाटा असतात, वरून मोजत प्रत्येक ओळीला एक मिळते, आणि दहावी वाट तालवाद्यांसाठी राखून ठेवलेली आहे. तिच्यावर कोणालाही बसवलं तरी ते तालवाद्यच होतं. एका स्वराची टाळी होते, दुसऱ्याची घंटा, तिसऱ्याची शिट्टी. इतके दिवस दहाव्या ओळीवर योगायोगाने ढोलच होता, म्हणून आम्हाला हे कळायचं काही कारण नव्हतं. आता तिथे गणूकाका होते. अण्णांनी त्यांच्यासाठी लिहिलेली गंभीर, पोटातून येणारी चाल, प्रत्येक स्वर जिथल्या तिथे, पण शिट्ट्या, घंटा, टाळ्या, खुळखुळे आणि बोंगो यांच्या रूपात भोंग्यांतून बाहेर पडू लागली. आणि ढोल, जो अकराव्या वाटेवर ढकलला गेला होता, तो पियानो झाला होता, कारण दहावी वाट सुटली की यंत्र तालवाद्यालाही पियानोच समजतं, आणि कोणी तरी पियानोच्या डाव्या टोकाला पीठ तिंबत असावं तसा ऐकू येत होता.

चेअरमन सतरंजीवर अर्ध्यात थांबले. रांगेतल्या मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. मला पुढचं सगळं एकदम दिसलं. सोफे, अंगणात पावसात ठेवलेलं पितळ, आणि पाळीवरून येऊन नुसते बसून राहिलेले अण्णा. मी बंद करायला हात पुढे केला आणि खुर्च्यांकडे पाहिलं. अण्णा माझ्याकडेच बघत होते. त्यांनी मान हलवली. नाही. वरात निघाली होती आणि उंबरठा अजून लांब होता.

मग त्यांनी क्लॅरिनेट उचललं. आपल्याला वाजवायला मनाई आहे हे त्यांना माहीत होतं, खोलीचं काय होईल हेही माहीत होतं. त्यांनी ढोलवाल्याकडे बघून पायाने ठेका दिला, कारण ढोलाचा वाटा पडला होता आणि तो कोणी तरी उचलायला हवा होता. ढोल सुरू झाला. झांजा सुरू झाल्या. मधूने ट्रंपेट तोंडाला लावली. गणूकाकांनी आपली ओळ क्षणभर भोंग्यांतून ऐकली, मग आपलं 'मोठं' सरसावलं आणि तिच्याखाली दणदणीत सूर धरला. यंत्र दम घेत नव्हतं, पण अण्णांनी घातलेले थांबे त्याच्यात होते. जिथे ते थांबे तिथे चौदा माणसंही दम घेत, आणि पुन्हा सगळे एकदम सुटत. एवढा चांगला बँड आमच्या गावाने कधी ऐकला नव्हता. पहिली नाचली ती चौथीतली मुलं. मग रांगेतली सगळी. मग बायकांच्या बाजूला आत्या उभी राहिली. ती नाचली नाही, पण कंबरेवर हात ठेवून अशा नजरेने बघू लागली की शेजारच्या बायकांना नाचावंच लागलं.

चेअरमनांपुढे दोन मार्ग होते, संतापून परत फिरणं किंवा पुढे चालणं. त्यांच्या बाजूने प्रमुख पाहुणे चालत होते आणि पाहुण्यांचा हात मांडीवर ठेका धरत होता. चेअरमन चालू लागले. त्या तालात संथ चालणं शक्यच नव्हतं. ते शेवटची पावलं जवळजवळ उडत गेले आणि उंबरठा ओलांडला. अण्णांनी हात वर केला. बँड थांबला. मी यंत्र बंद केलं.

भाषणात पाहुणे म्हणाले की त्यांनी पुष्कळ उद्घाटनं केली, पण पाश्चात्त्य संगीत आणि कोकणची लोकवाद्यं यांचा असा विचारपूर्वक मिलाफ त्यांनी प्रथमच ऐकला. ही कल्पना कोणाची, हे त्यांना जाणून घ्यायला आवडेल. चेअरमनांनी अण्णांकडे पाहिलं नाही. ते उठले आणि म्हणाले की कल्पना युरोपात सुचली. आणि मग, टाळ्या चालू असतानाच, तळमजल्यावरची कोपऱ्यातली खोली कायमची संगीतासाठी दिल्याचं त्यांनी जाहीर केलं. अण्णा उभे राहून हात जोडत होते. मागे बसलेली आत्या आईच्या कानात म्हणाली, आणि ते चार रांगांपर्यंत ऐकू गेलं, "त्याला सुचायला युरोप लागला. माझा भाऊ भातात बसून करतो."

संध्याकाळी गणूकाकांच्या शेतावर पोपटी झाली. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे, आणि वर पेटलेला पेंढा. सगळा बँड लाल कोट काढून, गंजीफ्रॉकवर बसला होता. मी घाबरत घाबरत गणूकाकांना सांगितलं की आज झालं ते असं असं झालं, तुमची ओळ चेलोची होती, ती तशी वाजायला नको होती. ते शेंग सोलत शांतपणे ऐकत होते. "वैजे," ते म्हणाले, "तीस वर्षं मी मोठं वाजवतोय. आजपोतर माज्या लायनीवर कोनी नाचलं नाय." आणि मग अण्णांकडे वळून म्हणाले की मास्तर, माझी जागा तीच ठेवा, दहावी. अण्णा हसले. त्यांनी मडकं उपडं केलं आणि पहिली शेंग गणूकाकांना दिली. त्यानंतर कित्येक वर्षं बँडने ती चाल वरातींत वाजवली. त्यात गणूकाका मध्ये मध्ये वाद्य बाजूला करून खिशातली शिट्टी फुंकत, अगदी जिथल्या तिथे, यंत्राने वाजवली होती तशी. सुपाऱ्या वाढल्या, असं मी म्हणणार नाही. पण कमी व्हायच्या थांबल्या. गणूकाका आता नाहीत. शिट्टी त्यांच्या नातवाकडे आहे आणि तो ती मागे चौथ्या रांगेतून, एकटाच चालत, वाजवतो.

खोलीचं मात्र एक राहिलं. किल्ली मिळाली, खुंट्या लागल्या, चेअरमनांनी दारावर तो संगमरवर बसवला. पण आतही त्यांनी युरोपच्या आठवणीने जमिनीपासून छतापर्यंत चकचकीत फरशी लावून घेतली होती. पहिल्या गुरुवारी बँड वाजू लागला तेव्हा प्रत्येक सूर भिंतींवरून चारचारदा परत आला. आपलंच ऐकता ऐकता लोक एकमेकांच्या मागे पडू लागले. सूर अविनाशी असतात याचा अर्थ मला तेव्हा पहिल्यांदा नीट कळला. तालीम अंगणात होऊ लागली. खोली रिकामी दिसते म्हणून मुख्याध्यापकांनी तिथे मुलांच्या खिचडीचा तांदूळ ठेवायला सुरुवात केली, तिन्ही भिंतींना पोती लावून. अण्णा त्याबद्दल भांडायला म्हणून गेले. दारात उभे राहिले, खाकरले, पुन्हा एकदा खाकरून ऐकलं, आणि न भांडता परत आले. पुढच्या गुरुवारी तालीम आत झाली. अजूनही तिथेच होते. उन्हाळ्याची सुट्टी लागायच्या सुमारास शाळेतला तांदूळ संपतो, म्हणून मे महिन्यात तालीम नसते.